वटवाघूळ अंधार पाहून उठत नाही

कतारमध्ये रात्रपाळी करणारा मराठी माणूस घरी फोन करतो तेव्हा एक वाक्य हमखास कानांवर येतं: "आमचं आता वटवाघूळ झालंय." रास लफानच्या वायू प्रकल्पांत, दोह्याच्या रुग्णालयांत, हमद विमानतळावर रात्र जागून काढणाऱ्यांची तक्रार खोटी नाही, पण दाखला चुकीचा आहे. रात्री जागल्यामुळे वटवाघळाचं काहीच बिघडत नाही, माणसाचं बिघडतं. का, ते समजून घ्यायचं तर या प्राण्याबद्दलच्या काही पक्क्या समजुती आधी बाजूला काढायला लागतील.

"वाळवंटात वटवाघळं कुठून येणार?"

वड-पिंपळ आणि फळबागा म्हणजेच वटवाघूळ, हे चित्र आपल्या गावाकडचं. जगातली बहुसंख्य वटवाघळं फळांना तोंडही लावत नाहीत, ती किडे खातात. आखातातल्या शहरांत रस्त्यावरच्या दिव्याभोवती झपाझप गिरक्या घेणारा काळपट ठिपका बहुधा कूलच्या पिपिस्ट्रेलचा असतो. वजन जेमतेम पाच ते आठ ग्रॅम. शहराबाहेर उघड्या वाळवंटात हेम्प्रिखचं लांबकान्या वटवाघूळ फिरतं. ते जमिनीवर उतरून विंचू पकडतं. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात संशोधकांनी त्याला जहाल विषाचे विंचू पकडून खाताना टिपलं आहे, आणि नांगी लागली तरी ते फारसं बिचकत नाही.

"अंधार पडला की ती उठतात"

सगळ्यात रुजलेला गैरसमज हाच, आणि वरवर पाहता तो बरोबरही वाटतो. दोह्यात डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये साडेसहाच्या आसपास. वटवाघळांची बाहेर पडायची वेळही त्याप्रमाणे पुढे-मागे होते. मग अंधारच त्यांना उठवतो, असं म्हणायला काय हरकत आहे?

हरकत गुहेची आहे. खोल गुहेच्या पोटात भर दुपारीही मिट्ट काळोख असतो. अंधार हाच इशारा असता तर तिथलं वटवाघूळ दिवसभर उडतच राहिलं असतं. पण ते संध्याकाळच्या सुमारालाच जागं होतं, म्हणजे बाहेर न बघताही त्याला वेळ कळलेली असते.

यावरचं अतिशय सुंदर काम आपल्याच देशात झालं. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि जी. मारिमुत्तू यांनी पानासारखं नाक असलेल्या 'हिपोसिडेरॉस स्पिओरिस' या लहान वटवाघळावर प्रयोग केले. ते १९७८ आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळा म्हणजे खरीखुरी गुहा. आत कायमचा अंधार, तापमान आणि दमटपणा जवळजवळ स्थिर. पिंजऱ्यातलं वटवाघूळ अशा गुहेत एकटं ठेवलं, तरी त्याची उडण्याची आणि विसाव्याची लय सुटली नाही. फक्त तिचा फेरा नेमका चोवीस तासांचा राहिला नाही, त्यामुळे ती बाहेरच्या दिवसरात्रीपासून हळूहळू सरकत गेली. पण तोच पिंजरा वटवाघळांची वसाहत असलेल्या गुहेत टांगला की कैदी प्राणी इतरांच्या वेळेला धरून चालू लागे. त्याने सूर्य पाहिलेला नसे. शेजाऱ्यांची रोजची ये-जा त्याला पुरत असे.

थोडक्यात, घड्याळ शरीराच्या आत आहे, उजेड आणि सोबती ते फक्त जुळवून देतात. संध्याकाळी ही वटवाघळं एकदम बाहेर झेपावत नाहीत. आधी गुहेच्या तोंडापर्यंत येऊन, उजेडाचा अंदाज घेऊन पुन्हा आत वळतात. असं काही वेळा करून मगच निघतात. घड्याळ त्यांना उठवतं आणि बाहेरचा प्रकाश निघायचा नेमका क्षण ठरवतो.

या परंपरेचा एक धागा मराठवाड्यात आला. मदुराईला काम केलेले दिलीप जोशी पुढे जालन्याच्या जेईएस महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवू लागले. त्यांच्या गटाने लोणारच्या उल्काविवरातल्या फळं खाणाऱ्या वटवाघळांची लय अभ्यासली. सोबत्यांमुळे घड्याळ जुळतं का, याबद्दलचा त्यांचा निबंध २००५ मध्ये आला. लोणारला जाणारे बहुतेक जण सरोवराचं पाणी आणि देवळं बघतात. अंधाऱ्या गाभाऱ्यात वर नजर टाकली तर तिथेही बघण्यासारखं बरंच आहे.

"आंधळ्या प्राण्याला उजेडाचं काय?"

वटवाघूळ आंधळं नसतं. किडे खाणारी वटवाघळं शिकार आवाजाच्या प्रतिध्वनीवर करतात हे खरं, पण त्यांचे डोळे काम करतात, आणि घड्याळाच्या बाबतीत तर थक्क करणारं काम करतात. जोशी आणि चंद्रशेखरन यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की सतत अंधारात ठेवलेल्या वटवाघळावर प्रखर प्रकाशाचा एकच झोत टाकला, तोही फक्त अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनहजारावा भाग, तरी त्याचं घड्याळ सरकतं. रात्रीच्या कोणत्या प्रहरी झोत पडला, त्यावर ते पुढे जाणार की मागे, हे ठरतं. कॅमेऱ्याच्या फ्लॅशइतक्या उजेडाने त्याचा उद्याचा दिवस बदलतो. गुहेत शिरून वटवाघळांचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींनी एवढं जरूर लक्षात ठेवावं.

"निशाचरांची जनुकं रात्री चालू, दिवसा बंद"

जनुकांचा कारभार बटण दाबून चालू-बंद करण्याइतका सरळ नाही. प्रत्येक पेशीत एक चक्र फिरत असतं. 'क्लॉक' आणि 'बीमॅल-१' या जनुकांपासून बनलेली प्रथिनं जोडीने 'पर' आणि 'क्राय' या जनुकांना कामाला लावतात. त्यांच्यापासून जी प्रथिनं तयार होतात, ती साठत जातात, काही तासांनी पेशीकेंद्रात शिरतात आणि ज्या जोडीने त्यांना जन्माला घातलं तिलाच रोखतात. मग ती झिजून संपली की रोख उठते आणि चक्र पुन्हा सुरू होतं. एक फेरा साधारण चोवीस तासांचा. या यंत्रणेचा मूळ उलगडा फळमाशीवर झाला आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हेच चक्र, याच घराण्यातल्या जनुकांचं, वटवाघळातही आहे आणि तुमच्या-माझ्यातही.

या घड्याळाच्या तालावर किती जनुकं चालतात? उंदराचे बारा अवयव तपासले तेव्हा प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी ४३ टक्के कुठे ना कुठे दिवसरात्रीच्या लयीत सापडली. हे २०१४ चं काम. २०१८ मध्ये बबून माकडाच्या ६४ ऊती तपासल्या आणि आकडा ८० टक्क्यांच्या वर गेला.

खरी गंमत पुढे आहे. सस्तन प्राण्यांचं मुख्य घड्याळ मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर असतं. निशाचर उंदीर आणि दिवसा वावरणारे कृंतक यांच्यात तुलना केली तर तिथलं 'पर' जनुक दोघांतही दिवसाच जोरात असतं. निशाचराचं मुख्य घड्याळ उलटं लावलेलं नसतं. घड्याळाने दिवस म्हटलं की एक शरीर 'काम' समजतं, दुसरं 'विश्रांती'. यकृत, स्नायू यांसारख्या अवयवांत मात्र उंदीर आणि बबून यांच्या जनुकांच्या वेळांत सुमारे बारा तासांचं अंतर पडतं. यकृताला वेळ कळते ती मुख्यतः जेवणावरून, आणि उंदीर रात्री जेवतो. वटवाघूळही.

दिवसाही वटवाघळाचं शरीर थंड बसलेलं नसतं. म्हणजे थंड होतं ते शब्दशः: अनेक जाती दिवसा शरीराचं तापमान उतरवून ऊर्जा वाचवतात, वाळवंटातला लांबकान्याही. पण ही बचत ठरल्या वेळी सुरू होते आणि ठरल्या वेळी संपते, आणि ती वेळ राखायला घड्याळाला चालूच राहावं लागतं.

"मेलाटोनिन म्हणजे झोपेचं रसायन"

औषधाच्या दुकानातल्या बाटलीने पसरवलेला हा समज. मेलाटोनिन रात्री वाढतं, आणि ते निशाचर प्राण्यांतही रात्रीच वाढतं, ऐन कामाच्या वेळी. त्याचा निरोप 'झोप' असा नसून 'बाहेर रात्र आहे' एवढाच आहे. रात्रीचं काय करायचं, हे ज्याचं त्याचं शरीर ठरवतं.

"सवय झाली की माणूसही निशाचर होतो"

नाही होत. वटवाघळांचे सापडलेले सर्वांत जुने सांगाडे सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. 'रात्र म्हणजे काम' हा अर्थ त्यांच्या शरीराच्या रचनेतच आहे. तो रोस्टरवर लिहून माणसाला लागू करता येत नाही. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी असते. उन्हापासून जीव वाचवणारा हा नियम योग्यच आहे, पण कामाचे तास त्यामुळे पहाटेकडे आणि रात्रीकडे सरकतात. रात्रपाळी सहा वाजता सुटते तेव्हा जूनमधल्या दोह्यात सूर्य उगवून तास उलटून गेलेला असतो. बसच्या खिडकीतून डोळ्यांवर पडणारं ते ऊन मेंदूतल्या घड्याळाला रोज नव्याने सांगतं, की दिवस सुरू झाला. यकृताला मात्र मध्यरात्रीच्या जेवणाने भलतीच वेळ सांगितलेली असते. एकाच शरीरात दोन वेळा चालतात. ही थकवा-चिडचिडीपुरती गोष्ट नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीला 'कर्करोगाला बहुधा कारणीभूत' या गटात ठेवलं आहे.

पाळी टाळता येत नसेल तर निदान घड्याळाशी भांडण कमी करा. घरी परतताना गडद गॉगल लावा, झोपायच्या खोलीला जाड पडदे घाला, मध्यरात्रीचं जेवण हलकं ठेवा. आणि रोस्टर ठरवणाऱ्याला एक गोष्ट जरूर सांगा. माणसाचं घड्याळ सरासरी चोवीस तास अकरा मिनिटांचं, म्हणजे जरा रेंगाळणारं आहे. म्हणून पाळ्या बदलायच्याच तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढे सरकणाऱ्या लावा. उलट्या क्रमाने लावलेल्या पाळ्या शरीराला जास्त जड जातात.