विंडोज नवी, जुने मराठी अडगळीत

संगणक नवा घेतला आणि जुने मराठी वाचेनासे झाले, ही तक्रार निपाणीपासून खानापूरपर्यंत डीटीपीच्या कुठल्याही दुकानात ऐकायला मिळते. पंधरा-वीस वर्षे जपलेली फाइल उघडावी, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी. वाचनालयाचा वार्षिक अहवाल असो, देवस्थान समितीचा जमाखर्च असो की तहसीलदारांना दिलेल्या निवेदनाची प्रत असो, सगळ्यांची गत एकच. दुकानदार सांगतो, विंडोज बदलली, फाँट बसत नाही. गिऱ्हाइकाला वाटते, हा कामच टाळतो आहे. तसे नसते. तो बिचारा त्याहून जास्त वैतागलेला असतो.

विंडोजच्या नव्या आवृत्तीवर चिडणारे काही आपणच नव्हे. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चे बटण बसले. अख्खी एक पिढी त्या बटणावर संगणक शिकली. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि मायक्रोसॉफ्टने ते बटणच काढून टाकले. त्याजागी बोटाने चालवायच्या रंगीत चौकटींचा पडदा आला. ज्यांच्या टेबलावर साधा मॉनिटर आणि माउस होता, त्यांनी बोट कुठे लावायचे? जगभर ओरड झाली. वर्षभराने ८.१ मध्ये बटण परत आले, पण ते दाबल्यावर पुन्हा त्याच चौकटी. म्हणजे दाराची कडी परत बसवली, पण दार भलत्याच खोलीत उघडायचे. जुन्या वळणाची यादी परत मिळायला जुलै २०१५ ची विंडोज १० यावी लागली.

विंडोज १० चे दुखणे निराळे. ती फुकट मिळत होती, पण नको म्हणणाऱ्याच्याही गळ्यात पडत होती. २०१६ मध्ये तर सूचनेच्या चौकटीवरची फुली दाबून ती बंद केली, तरी होकार दिला असे धरले जाई. त्यावर इतकी टीका झाली, की कंपनीला ती पद्धत बदलावी लागली. पुढे ऑक्टोबर २०१८ च्या सुधारणेने काही लोकांच्या संगणकांतील त्यांच्या स्वतःच्या फाइलीच पुसल्या गेल्या आणि ती सुधारणा काही आठवडे थांबवून ठेवावी लागली. नवी आवृत्ती म्हटली, की जुनी माणसे कुरकुरतात, असे म्हणून हे उडवून लावता येणार नाही.

तरीही इंग्रजीत काम करणाऱ्याचा वैताग बहुधा बटणे शोधण्यापुरता असतो. महिनाभरात हात बसतो. त्याचे १९९८ सालचे पत्र आजच्या संगणकावरही बहुतेक वेळा वाचता येते, कारण इंग्रजी अक्षरांचे क्रमांक सगळीकडे सारखेच होते. मराठीचे तसे नव्हते, आणि आपल्या त्रासाचे मूळ इथे आहे.

नव्वदच्या दशकात विंडोजला देवनागरी येत नव्हती. मग श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवले. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण फाइलीच्या पोटात एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असायचे. युक्ती नामी होती. तिच्याविना मराठी डीटीपी उभे राहिले नसते आणि सीमाभागातली नियतकालिकेही हाताने जुळलेल्या खिळ्यांवरच राहिली असती. पण प्रत्येक कंपनीने आकार आपापल्या सोयीने बसवले. एकाचा ‘क’ तो दुसऱ्याचा ‘ळ’. फाँट गेला, की मागे उरते ती निव्वळ रद्दी.

हा फाँट जातो कसा? याला विंडोजचे बदल कारण होतात. अनेक मराठी सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांना एक कुलूप असे, प्रिंटरच्या रुंद खाचेत अडकवायचे. नव्या संगणकांना ती खाचच नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर अगदी जुने १६ बिटांचे प्रोग्रॅम चालत नाहीत. कुलपाला आणि जुन्या प्रिंटरला लागणारा ड्रायव्हर नव्या विंडोजला मान्य होत नाही. त्यात आपल्याकडचे छपाईचे बरेचसे काम पेजमेकरवर व्हायचे. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, निघाली २००१ मध्ये, आणि तिला युनिकोड कधीच आले नाही. म्हणून छापखान्याच्या कोपऱ्यात धूळ खात बसलेला एक्सपीचा डबा आजही कुणी भंगारात देत नाही. मालकाला हौस आहे म्हणून नव्हे, वीस वर्षांचे काम त्यातच वाचता येते म्हणून.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. विंडोजला मराठी आली ती नव्या आवृत्त्यांमुळेच. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारे युनिकोड १९९१ पासून आहे. विंडोजमध्ये त्याचा खरा प्रवेश झाला २००० सालच्या विंडोज २००० पासून. एक्सपीत ते होते, पण मूळ सीडी घालून वेगळे चालू करावे लागे. सीडी मिळणार कुठून? त्यामुळे बहुतेकांनी ते कधी पाहिलेच नाही. २००७ मध्ये लोकांच्या हाती आलेल्या व्हिस्टापासून ते आपोआप मिळू लागले. त्या व्हिस्टाला मंद म्हणून जगाने नावे ठेवली, ती ठीकच होती. पण सीडी न शोधता मराठी दिसू लागली ती तिच्यापासून, हेही खरे.

मात्र मिळाले ते नीट हातात पडले असे नाही. विंडोजबरोबर येणारा मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट पद्धतीचा. टायपिंगच्या क्लासला जाऊन मराठी टाइपरायटरवर बोटे तयार केलेल्या माणसाला तो परका. आयुष्यभर मिनिटाला चाळीस शब्द काढणारा टंकलेखक त्यापुढे एक-एक अक्षर शोधत बसतो, आणि पोरे म्हणतात, आजोबांना संगणक येत नाही! २०१९ च्या सुधारणेत उच्चाराप्रमाणे टाइप करण्याचा मराठी कीबोर्ड आला, तो तरुणांना सोयीचा आहे. टाइपरायटरच्या रचनेसाठी मात्र वेगळे सॉफ्टवेअर शोधावे लागते.

अक्षरांचेही तेच. मंगल फाँटमधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. वर्षानुवर्षे आपल्या निवेदनांवर ते मुकाट्याने उमटत राहिले. विंडोज १० मध्ये हा मंगलही नेहमीच्या फाँटांतून काढून जादा फाँटांत टाकला गेला, म्हणजे ज्यांनी नाइलाजाने त्याची सवय केली होती, त्यांनाही तो नव्या संगणकावर शोधावा लागला. ‘ॲडव्होकेट’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ मध्ये. नव्या संगणकावर लिहून जुन्या एक्सपीवर उघडले, की त्याजागी रिकामा चौकोन. वकिलाच्या नावाच्या पाटीवर असा चौकोन छापून गेला, तर दोष कुणाला द्यायचा?

कन्नड लिहिणाऱ्या शेजाऱ्यालाही हे चुकलेले नाही. कर्नाटक सरकारने पुरस्कारलेल्या ‘नुडी’तल्या जुन्या फाइली अशाच जुन्या पद्धतीच्या होत्या आणि त्याही युनिकोडमध्ये आणण्याची खटपट तिकडे करावी लागली. फरक एवढाच, की कन्नड कागदपत्रांमागे सरकारचे दप्तर उभे आहे. सीमाभागातल्या गावाचा मराठी कागद गावाशिवाय कुणी सांभाळणार नाही. नाट्यमंडळाच्या संहिता, मराठी शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, मराठीतून परिपत्रके मिळावीत म्हणून दिलेली निवेदने, हे कुठल्याही सरकारी कपाटात मराठीत सापडायचे नाही. ते आहे त्या एक्सपीच्या डब्यात किंवा कुणाच्या तरी सीडीवर. डब्याची हार्ड डिस्क एके दिवशी बसली, की संपले.

आणि मुदत संपत चालली आहे. एक्सपीला मिळणाऱ्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची सोय ठेवली गेली, एवढाच दिलासा. विंडोज ११ तर जुन्या संगणकावर रीतसर चढतच नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. चांगला चालणारा, हप्ते फेडून घेतलेला संगणक केवळ यासाठी बाद ठरवायचा, हा हिशेब शहरातल्या कचेरीला परवडेल. गावातल्या दुकानदाराला परवडत नाही, आणि त्याचा राग रास्त आहे.

रागाने फाइली मात्र वाचणार नाहीत. जुना संगणक चालू आहे तोवर करायचे काम वेगळेच आहे. त्याला इंटरनेट जोडू नये, कारण दुरुस्त्या बंद झालेला संगणक जाळ्यावर उघडा पडतो. फाइली जशा आहेत तशा दोन ठिकाणी उतरवून घ्याव्यात आणि त्यांच्याबरोबर फाँटही. कुठली फाइल कुठल्या सॉफ्टवेअरची, हे कागदावर लिहून ठेवावे. दहा वर्षांनी ते कुणाला आठवणार नाही. महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ करावी, म्हणजे फाँट आत बांधला जाऊन निदान दिसणे तरी टिकते. पीडीएफमधला मजकूर उचलून दुसरीकडे वापरू गेलात, तर मात्र पुन्हा तीच खिचडी मिळेल. म्हणून तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे हाच खरा उपाय. त्यासाठी परिवर्तक मिळतात, काही फुकटही. नव्या मजकुराला मराठी वळणाची अक्षरे हवी असतील, तर ‘तिरो देवनागरी मराठी’सारखा मोफत फाँट आहे.

परिवर्तकावर डोळे मिटून विसंबू नये. जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत तो हमखास घसरतो. सगळ्यात जपावे ते आपल्या मराठीच्या ‘ऱ्य’ला. तो बिघडला, की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि लग्नाच्या हिशेबात ‘आचाऱ्यांना’ दिलेले पैसे ‘आचार्यांना’ दिल्याचे दिसते. त्यामुळे बदललेला मजकूर जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहणारा माणूस हवा, आणि तो गावातलाच हवा. वाचनालयात रोज दुपारी पेपर वाचायला बसणाऱ्या निवृत्त गुरुजींना इनस्क्रिप्ट येत नसेल, पण हे काम त्यांच्याइतके चोख दुसरा कुणी करणार नाही. सुरुवात निवेदनांपासून करावी. स्मरणिकेची छापील प्रत निदान दहा घरांत असते, निवेदनाची पोच मात्र एकाच फाइलीत असते.