‘कॅशलेस’ म्हणजे बिनखर्चाचे उपचार नव्हेत

“आमची पॉलिसी कॅशलेस आहे, मग पैसे कशाचे भरायचे?” हा प्रश्न आमच्या विमा कक्षात वारंवार, आणि बहुधा डिस्चार्जच्या दिवशी विचारला जातो. वस्तुतः त्याचे उत्तर दाखल होण्यापूर्वीच समजून घेणे रुग्णाच्या हिताचे असते. त्यासाठी हा लेखप्रपंच.

सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ विमा सुरू केला. त्या काळी बिल रुग्णाने भरायचे व कागदपत्रे सादर करून रक्कम परत मिळवायची, अशी पद्धत होती. २००१ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने टीपीए, म्हणजे त्रयस्थ प्रशासक संस्थांसाठी नियम केले आणि कॅशलेस पद्धत रुजू लागली. या पद्धतीत विमा कंपनीचा ठरावीक रुग्णालयांशी दरांचा करार असतो. रुग्णालय खर्चाचा अंदाज कळवते, टीपीए किंवा कंपनी तो पॉलिसीच्या अटींशी ताडून पूर्वसंमती देते आणि मंजूर रक्कम थेट रुग्णालयास मिळते. उर्वरित रक्कम मात्र रुग्णासच भरावी लागते.

ही उर्वरित रक्कम वाढण्याचे एक मोठे कारण म्हणजे खोलीची निवड. समजा, विमा रक्कम तीन लाख रुपये असून खोलीभाड्याची मर्यादा दररोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातील फरकच भरावा लागेल, असा अनेकांचा समज असतो. परंतु जेथे खोलीच्या श्रेणीनुसार शुल्क बदलते, तेथे शस्त्रक्रियेच्या व डॉक्टरांच्या शुल्कातही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. हे शुल्क ६०,००० रुपये असेल, तर त्यातील ३०,००० रुपये कुटुंबावर पडतात. औषधे, इम्प्लांट व तपासण्या यांच्या खर्चास ही प्रमाणबद्ध कपात लागू होत नाही.

प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर एका तासात, तर डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीबाबत तीन तासांत निर्णय देणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्यापुढील विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केल्यास ती कंपनीने सोसावयाची आहे.

पूर्वसंमती नाकारली गेली, तरी दावा संपत नाही. बिल भरून प्रतिपूर्तीसाठी अर्ज करता येतो. तोही अमान्य झाल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातही आहे.

ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही, त्यांनी निराश होऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन आमच्या समाजसेवा विभागास अवश्य भेटावे.

शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असल्यास पॉलिसी आधीच आमच्या विमा कक्षास दाखवावी. खोलीभाड्याची मर्यादा, रुग्णाने सोसावयाचा हिस्सा व पूर्वीच्या आजारांचा प्रतीक्षाकाल या तीन बाबी तेव्हाच तपासून घ्याव्यात, ही नम्र विनंती. रुग्ण बरा होऊन घरी निघताना कुटुंबाला अनपेक्षित रकमेची तजवीज करावी लागू नये, हीच आमची इच्छा आहे.