गाण्याच्या अंगरख्याचे माप

कासार बाईचा हात जरासा दाबून पाहतो आणि बांगडीचे माप सांगतो. शिंपी गळ्यात टेप अडकवून उभाच असतो. सोनार अंगठीसाठी बोटाला दोरा गुंडाळतो. गाणे मात्र असे विलक्षण गिऱ्हाईक आहे, की त्याला मुळी अंगच नाही! त्याला उंची नाही, रुंदी नाही, पोटाचा घेर नाही. आणि तरीही ते बाजारात निघाले, की त्याला अंगरखा लागतोच.

हे अंगरखे बेतण्याच्या धंद्यात मी गेली पंचेचाळीस वर्षे आहे. ध्वनिमुद्रिकांची आवरणे, कॅसेटींची वेष्टणे, सीडींच्या पुस्तिका असे सगळे काही या हातांनी केले. हल्ली चित्र संगणकावर करतो, पण गिऱ्हाईक जुन्या सवयीने अजूनही तोच प्रश्न विचारते, "साइझ काय ठेवायची हो?"

वरवर पाहता हा प्रश्न फूटपट्टीचा आहे. माझा अनुभव निराळा आहे. अंगरखा लहान होत गेला, की त्यावरून काहीतरी गळते. आणि गळते ते बहुधा कुणाचे तरी नाव असते. म्हणून माप ठरवताना कोण राहणार आणि कोण जाणार, हेही आपण ठरवत असतो, मग ते आपल्या ध्यानात येवो वा न येवो.

उघड्या पाठीपासून फूटभर चित्रापर्यंत

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. त्यामुळे एखादी लांब रचना ऐकवायची, तर चार-पाच तबकड्या लागत. त्या फोटोंच्या आल्बमासारख्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकत. 'आल्बम' हा शब्द गाण्याला चिकटला तो तिथून. आज तबकडी नाही, वही नाही. शब्द तेवढा राहिला आहे.

या वह्या अगदी निरस असत. रंग तपकिरी किंवा करडा, आणि वर नुसते नाव. अमेरिकेतल्या धंद्यात त्यांना 'थडगी' म्हणत! १९३९ साली कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये अलेक्स स्टाइनवाइस नावाचा एक बावीस वर्षांचा चित्रकार लागला. आत संगीत आणि बाहेर थडगे, हे त्याला पटेना. १९४० साली रॉजर्स आणि हार्ट या जोडीच्या गाण्यांच्या संचासाठी त्याने नाट्यगृहाच्या दर्शनी भागाचे, दिव्यांनी उजळलेले आवरण केले. तबकडीच्या सचित्र आवरणाची परंपरा तिथपासून सुरू झाली, असे मानतात.

१९४८ साली कोलंबियानेच दीर्घ ध्वनिमुद्रिका, म्हणजे आपली एल्. पी., बाजारात आणली. बारा इंचांची तबकडी सुखाने आत-बाहेर व्हावी म्हणून तिचे जाकीट सव्वाबारा इंचांहून किंचित मोठे, म्हणजे साधारण ३१.५ सेंटिमीटर चौरस ठरले. आमच्या पिढीने चित्रकलेचे अर्धे धडे या चौकोनावर गिरवले. पुढे चित्र, मागे मजकूर. राग कोणता, ताल कोणता, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, तंबोऱ्यावर कोण, सारे मागच्या बाजूला छापलेले. तबकडी फिरत असताना आपण जाकीट मांडीवर घेऊन ते वाचत असू, आणि साथीदारांची नावे अशी न कळत पाठ होत.

मग चौकोन आकसू लागला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली कॅसेट १९८० नंतर आपल्याकडे घरोघर पोहोचली. तिच्या वेष्टणाचा दर्शनी भाग उभट, जेमतेम १० सेंटिमीटर उंच आणि साडेसहा रुंद. १९८२ साली सीडी आली. तिची पुस्तिका १२ सेंटिमीटर चौरस. २००३ साली ॲपलने गाणी विकण्याचे दुकान इंटरनेटवर उघडले, आणि आता तर गाणे मोबाइलच्या यादीत नखाएवढ्या चौकोनात दिसते.

जरा हिशेब मांडू. एल्. पी.च्या जाकिटाची एक बाजू सुमारे ९९२ चौरस सेंटिमीटर. सीडीची १४४, म्हणजे सातवा हिस्सा. कॅसेटची ६५. आणि मोबाइलवरचा तो चौकोन दीड सेंटिमीटरचा धरला, तर अवघा सव्वादोन! चारशे-साडेचारशे पटींनी जागा गेली. एवढ्या जागेत चित्र कसेबसे मावेल; माणसे कुठे मावायची?

पेटीवाल्यांचे काय?

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या मित्राची मुलगी घरी आली. मुलगी गाणारी आहे. तिच्या दिवंगत गुरुजींच्या एका खाजगी मैफलीचे चांगले ध्वनिमुद्रण हाती लागले होते. शिष्यांनी वर्गणी काढली होती. थोड्या एल्. पी. काढायच्या, थोड्या सीडी, आणि बाकी जगासाठी मोबाइलवर. "काका, चित्र मी करूनच आणले आहे. तुम्ही फक्त साइझ सांगा," असे म्हणून तिने चित्र पुढे केले.

चित्र मोठे हौसेचे होते. मध्ये गुरुजी, डावीकडे पेटीवाले, उजवीकडे तबलजी, मागे दोन तंबोरे, वर देवळाची दीपमाळ आणि खाली सात ओळींचा मजकूर. मी काही न बोलता ते मोबाइलवर नखाएवढे करून तिच्यापुढे धरले. गुरुजींचा फेटा म्हणजे एक तांबडा ठिपका. मजकूर म्हणजे मुंग्यांची रांग.

मी तिला विलायती आवरणांची एक जोडी दाखवली. बीटल्स मंडळींच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर'वर माणसांची ही गर्दी! फूटभर जाकिटावर एकेक चेहरा ओळखण्यात तास जातो. नखावर मात्र ती नुसती रंगांची भेळ होते. उलट पिंक फ्लॉइडचे १९७३ चे 'डार्क साइड ऑफ द मून' पाहा. काळी पाटी, एक त्रिकोणी लोलक आणि त्यातून फुटलेले रंग. दर्शनी बाजूला अक्षर नाही. ते भिंतीवर ओळखू येते आणि नखावरही.

मुलगी हुशार. लगेच म्हणाली, "मग पेटी-तबला काढून टाकू. गुरुजींचा चेहरा तेवढा ठेवू. नावेही नकोत, खाली 'आणि इतर' लिहू."

हिशेब बरोबर होता. पण दुसऱ्या दिवशी पेटीवाल्यांच्या पत्नी आल्या. आमच्याच वाडीत राहतात. पेटीवाले जाऊन बरीच वर्षे झाली. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "भावजी, चित्रात हे नसले तरी चालेल. चाळीस वर्षे हे बाजूलाच बसले. पण नाव तेवढे असू द्या. नातवाला मी सांगते, तुझे आजोबा वाजवीत. तो मोबाइलमध्ये शोधतो आणि म्हणतो, आजी, कुठेच नाही."

यावर काय बोलणार? मी म्हटले, "वहिनी, नाव राहील. कुठे राहील ते मला दोन दिवस पाहू द्या."

एक चित्र, तीन अंगरखे

दोन दिवसांनी आम्ही ठरवले ते असे. दर्शनी चित्र तिन्ही ठिकाणी एकच: गुरुजींचा चेहरा, आणि खाली पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची आडवी ओळ. नखाएवढे केले तरी चेहरा चेहरा राहतो आणि पट्ट्या पट्ट्या राहतात. वर अक्षरे फक्त दोन गोष्टींची, गुरुजींचे नाव आणि संचाचे नाव.

आता मापे. ज्यांना असे काही काढायचे असेल, त्यांनी हा भाग उतरवून घ्यावा.

मोबाइलवर गाणी पोहोचवणारे वितरक बहुधा ३००० × ३००० पिक्सेलचे चौरस चित्र मागतात. पिक्सेल म्हणजे चित्राचा एक ठिपका. हे आकडे ऐकून मुलगी म्हणाली, "एवढे मोठे चित्र आहे तर तेच एल्. पी.ला देऊ." इथेच पुष्कळ लोक फसतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. तीन हजारांना तीनशेने भागा. दहा इंच होतात. जाकीट सव्वाबारा इंचांच्या वर! ताणून बसवले, तर इंचाला २४० च्या आसपास ठिपके पडतात. फोटो एक वेळ खपून जाईल, बारीक अक्षर खपणार नाही. आणि कुणी १४०० पिक्सेलचे चित्र ताणले, तर इंचाला ११३ उरतात. मग गुरुजी धुक्यात बसल्यासारखे दिसतात. संगणकावर चित्र मोठे करता येते, पण त्यात नसलेला तपशील कुठून येणार? पिठात पाणी वाढवले म्हणून भाकरी वाढत नाहीत.

जाकिटाच्या चारही बाजूंना कटिंगसाठी ३ मिलिमीटर जादा चित्र सोडावे लागते. ते धरून एका बाजूला सुमारे ३८०० पिक्सेल होतात. म्हणून मूळ चित्र ४००० चे करावे आणि त्यातून बाकीची उतरवावीत. सीडीच्या पुस्तिकेला कटिंगसकट १५०० पुरतात. सीडीच्या मागचा कागद मात्र चौरस नसतो. तो साधारण १५.१ सेंटिमीटर रुंद आणि ११.८ उंच असून, त्याच्या दोन्ही कडा दुमडून डबीचे कणे होतात. एल्. पी.च्या कण्यावरही नाव घालायला विसरू नये. कपाटात उभी ठेवली, की तेवढेच दिसते. कारखान्याकारखान्यांत एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो, तेव्हा त्यांचा नमुना-आराखडा आधी मागवावा, आणि अक्षरे कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत ठेवावीत.

रंगांचीही एक गोम आहे. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात, कागदावरचे शाईचे. पडद्यावर लखलखणारा शेंदरी रंग चार शायांच्या छपाईत विटकरी होऊ शकतो. म्हणून मोबाइलसाठी एक प्रत, छपाईसाठी दुसरी, आणि छापण्यापूर्वी प्रूफ डोळ्यांखालून घालावे. मोबाइलच्या प्रतीवर किंमत, फोन नंबर, संकेतस्थळाचा पत्ता किंवा 'सीडी' असा शब्द नको. अशी चित्रे परत येतात.

आणि नावे? एल्. पी.च्या मागच्या बाजूला जुन्या रीतीने सगळी नावे आली, चष्मा न लावता वाचता येतील अशा अक्षरांत. सीडीच्या पुस्तिकेत आतले पान त्यांना दिले. मोबाइलवर मागची बाजूच नसते. पण गाणे पाठवताना एक लांबलचक तक्ता भरावा लागतो. गायक, वादक, वाद्य, रचनाकार असे रकाने त्यात असतात, आणि काही सेवा ती माहिती ऐकणाऱ्याला दाखवतात. कंटाळा करणारे लोक तिथे गायकाचे नाव टाकून मोकळे होतात. आमच्या मुलीने तसे केले नाही. सातही रचनांना, प्रत्येकीला निराळे, पेटीवाल्यांचे, तबलजींचे आणि तंबोऱ्यावर बसलेल्या दोघींचे नाव भरले. आणि प्रत्येक ठिकाणी स्पेलिंग एकच ठेवले, नाहीतर संगणक एका माणसाची दोन माणसे करतो. 'आणि इतर' हे शब्द कुठेही उरले नाहीत.

संच निघाल्यावर वहिनींच्या नातवाने मोबाइलवर गाणे लावले, दोन ठिकाणी बोट दाबले आणि आजीपुढे धरले. त्यांनी चष्मा पुसून ते नाव दोनदा वाचले. मग नातवाला म्हणाल्या, "आता जरा आवाज वाढव. पेटी ऐकू दे."

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी कुणी गाणारे असेल आणि त्याचा संच काढायचा योग आला, तर चित्र लहानात लहान चौकोनासाठी योजा, तयारी मोठ्यात मोठ्या जाकिटाची ठेवा, आणि फूटपट्टी हातात घेण्यापूर्वी सगळ्या नावांची यादी करा. तबकडीला आज पुन्हा बरे दिवस आले आहेत. २०२२ साली अमेरिकेत नगांच्या हिशेबाने तिने सीडीला मागे टाकले, तेही १९८७ नंतर प्रथमच. म्हणजे तो फूटभर चौकोन अजून आपल्या हाती आहे.

या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या तबकड्या खाली काढाल, तेव्हा पुढच्या चित्रावरून फडके फिरवून थांबू नका. जाकीट उलटे करा, आणि मागची नावे एकदा मोठ्याने वाचा.