फाल्गुनातला गड

पहिला पाऊस झाला की शनिवार-रविवारी पुणे-लोणावळा लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. मळवलीला निम्मा डबा उतरतो आणि भाज्याच्या धबधब्यापासून थेट लोहगडाच्या दरवाज्यापर्यंत माणसांची रांग लागते. धुकं, हिरवाई, गरम भजी, कणीस हे सगळं मलाही मनापासून आवडतं. पण या डोंगरांची खरी ओळख मला झाली ती फाल्गुनात. गवत वाळलेलं असतं, उन्हं टोचायला लागलेली असतात आणि ओढे कोरडे पडलेले असतात. अशा वेळी गड चढणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उरतो: वर पाणी कुठे आहे? त्याचं उत्तर शोधत फिरलं, की तटबंदी कुठे आणि का, वस्ती कुठे होती, पहारा कुठून होत असेल, हे आपोआप कळत जातं.

रिवाजाप्रमाणे थोडी पार्श्वभूमी सांगतो. पुण्या-मुंबईहून एका दिवसात लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग, कोरीगड होतात. राजमाचीला मुक्काम करावा. राजगड, तोरणा आणि जुन्नरकडचे गड जरा लांबचे. सह्याद्रीचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. सातवाहनांपासून पेशव्यांपर्यंत अनेक सत्ता इथे नांदल्या आणि १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात लोहगड, राजगड आणि शिवनेरी आहेत. आता टाक्यांकडे वळतो.

टाकं म्हणजे कातळात खोदलेला हौद. ते विहिरीसारखं खोल जात नाही. पावसाचं पाणी अडवून पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं, एवढं त्याचं काम. घट्ट काळा कातळ पाणी धरून ठेवतो. लाव्हाचे दोन थर जिथे एकमेकांवर बसतात, तिथे किंवा भेगांमधून पाणी झिरपतं. खोदणाऱ्यांनी अशा जागा बरोबर हेरलेल्या दिसतात. भर उन्हाळ्यात काही टाक्यांची मागची भिंत ओली असते, ती याचमुळे. वरच्या उतारावर बोटभर खोलीच्या पन्हळी कोरून पाणी टाक्याच्या तोंडाशी आणलेलं असतं. त्या पन्हळी पावसाळ्यात गवताखाली जातात. फाल्गुनात उघड्या पडतात. खोदताना निघालेला दगड तटाला वापरायचे, म्हणजे एकाच श्रमात पाणी आणि भिंत.

माझा सगळ्यात जीव खांबटाक्यांवर आहे. बाहेरून तोंड छोटं, पण आत वाकून पाहिलं की कातळात कोरलेलं दालनच. खोदतानाच मध्ये खांब राखलेले, वर छप्पर डोंगराचंच. ऊन आत पोचत नाही, त्यामुळे पाणी कमी उडतं आणि शेवाळंही कमी धरतं. बॅटरीच्या उजेडात छिन्नीचे तिरपे घाव ओळीने दिसतात. एखाद्या खांबाशी ओळीची दिशा बदलते. तिथे बहुधा दुसरा हात कामाला लागला असावा.

ही विद्या गडांहून जुनी आहे, लेण्यांच्या काळची. भाज्याला एका टाक्याशी ब्राह्मी लेख आहे: महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्ताने ते दान दिलं. कामशेतजवळच्या बेडशाला तसंच एका बाईचं दान नोंदलेलं आहे. महाभोजाची ही मुलगी, महारठिनी सामडिनिका. तिच्याबद्दल आपल्याजवळ जवळपास एवढंच आहे, की भिक्षूंना आणि वाटसरूंना पाणी मिळावं म्हणून तिने कातळ फोडून घेतला. बेडशाच्या चैत्याचे खांब पाहायला लोक येतात, टाक्याकडे क्वचितच कुणी वळतं. मी तिथे हमखास थांबतो.

पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचा विचार मांडला, तेव्हा आधी पाणी पाहा आणि मग गड बांधा, असंच सांगितलं. पाणी नसेल आणि जागा मोक्याची असेल, तर खडक फोडून तळी-टाकी करा. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. गडावर हातात पाण्याची बाटली घेऊन उभं राहिलं, की ही काळजी अंगाला भिडते.

प्रकार तरी किती! लोहगडावर नाना फडणविसांच्या काळचं सोळा कोनांचं बांधीव तळं, कोरीगडाच्या सपाटीवर दोन मोठी तळी, जुन्नरच्या चावंडावर सात टाक्यांचा समूह आणि हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेइतकं गार पाणी. मावळातल्या एका गडावर गुरं राखणाऱ्या मामांना मी विचारलं, “मामा, हे टाकं कधी आटतं का?” ते म्हणाले, “आटायला लागलं की पाऊस आला म्हनायचं.”

या पाण्यात उड्या मारून फोटो काढणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. साबण, प्लॅस्टिक, उरलेलं जेवण सगळं त्यात जातं. खाली वाडीतली माणसं आणि जनावरं आजही काही ठिकाणी तेच पाणी पितात. याउलट उन्हाळ्यात पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने गाळ काढणारी मंडळी पाहिली, की बरं वाटतं. अशा एका कामात मीही घमेली पुढे सरकवली आहेत. गाळ उपसत आम्ही तळाशी पोचलो, तेव्हा एका कोपऱ्यात ओंजळीएवढा खोलगट खळगा निघाला. शेवटचं पाणी तिथे जमावं आणि भांड्याने टिपता यावं, अशी ती सोय. कुणीतरी उन्हाळ्याच्या अखेरच्या दिवसाचा विचार करून तो कोरला होता.

या फाल्गुनात एक रविवार काढा. पहिल्या लोकलने मळवली, मग भाजे लेणी; दानाचा लेख असलेलं टाकं नीट बघा. तिथून ओढ्याच्या वाटेने विसापूर चढा. पावसाळ्यात ज्या पायऱ्यांवरून धबधबा कोसळतो आणि गर्दी होते, त्याच कोरीव पायऱ्या तेव्हा कोरड्या आणि स्पष्ट दिसतात. वर तटाच्या कडेने चालत टाकी शोधा. दुपारनंतर गायमुख खिंडीत उतरून जमलं तर लोहगड करा. प्रत्येकी तीन लिटर पाणी, टोपी आणि चांगली बॅटरी बरोबर ठेवा. खांबटाक्यात उतरू नका, तोंडाशी गुडघे टेकून आत प्रकाश टाकला की खांब मोजता येतात.