बिऱ्हाड चाकांवर

"आम्ही एक जुनी तेरा आसनांची ट्रॅव्हलर घेतली आहे आणि तिच्यात राहायची सोय करतो आहोत," असं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा सगळ्याजणींनी मिळून एकच प्रश्न विचारला, "अगंबाई, मग ओटा कसा करणार?" मीही मोठ्या ऐटीत वर्णन केलं. ग्रॅनाइटचा ओटा, दोन शेगड्या, स्टीलचं सिंक, खाली मसाल्याच्या डब्यांचा कप्पा. त्या वेळी एकीनेही विचारलं नाही, की रात्री बाथरूमला कुठं जाणार? आणि खरं सांगायचं तर, मैत्रिणींनो, माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं!

आमच्या यांचं गोंदियात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे गाडीचं वेड घरात जुनंच. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ती बातमी यांनी कापून काचेखाली ठेवली होती. तयार कॅराव्हॅन घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. (भाड्यानेही मिळतात बरं का. वर्षातून एकदाच जायचं असेल तर तेच शहाणपणाचं.) म्हणून जुनी गाडी घेतली. इथे एक गोष्ट आधीच सांगते. आसनं काढणं, आत काही कायमचं बसवणं, हे आपल्या मर्जीने करता येत नाही. नोंदणीपुस्तकात जे लिहिलं आहे त्यात फरक पडेल असा बदल करायचा, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२व्या कलमाप्रमाणे परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. विमा कंपनीलाही कळवावं लागतं, नाही तर अपघात झाल्यावर हातावर तुरी. आमचे चार महिने या कागदपत्रांतच गेले. तुम्हीही सुताराला बोलावण्याआधी आराखडा घेऊन कार्यालयात जा.

पहिली सफर डिसेंबरात, नवेगाव बांधला. कोहळी लोकांच्या पूर्वजांनी बांधलेला तो तलाव, भोवती जंगल, पाण्यावर हिवाळ्यातले पाहुणे पक्षी. मुलं दुर्बीण घेऊन काठावर, हे कॅमेरा घेऊन काठावर, आणि मी? मी ओट्यापाशी. सकाळी पोहे नि चहा, अकराला वरण-भात-भाजी, चारला परत चहा नि भजी, कारण "गाडीतल्या ओट्यावरची भजी" सगळ्यांना खायची होती. दिवसभर तेलाचा वास गादीला लागला तो लागलाच. सिंकमधलं पाणी संपलं की कॅन उचलून आणायचा, खरकटं बादलीत साठवायचं, बादली लांब नेऊन खड्ड्यात ओतायची. घरी निदान नळ तरी आहे! दोन दिवसांनी परत आलो तेव्हा सगळे ताजेतवाने, आणि माझी कंबर धरलेली. पक्षी मी पाहिले ते यांच्या मोबाइलमध्ये.

आणि सासूबाई? त्या आल्याच नव्हत्या.

त्यांचं वय बाहत्तर. दोन्ही गुडघे धरलेले. सहा वर्षं झाली, लग्नकार्य असो की मयत, त्या गावाबाहेर पडल्या नाहीत. आम्ही समजत होतो की प्रवासाने दगदग होते म्हणून. नवेगावहून आल्यावर त्यांचे पाय चेपताना मी सहज म्हटलं, "आता आपली गाडी आहे, तुम्ही का नाही आलात?" त्यांनी ओट्याचं कौतुक ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मले ओटा कायले सांगतेस बाई? रात्री उठाव लागते तीनदा. उकिडवं बसता येत नाही. त्याची काही सोय केली का, ते सांग."

मी गप्प झाले. कारण प्रवासाला निघायच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणं, हे आपल्यापैकी कितीजणी करतात! मी स्वतः करते. माझ्या आईने केलं, माझी लेक आता चौदा वर्षांची आहे, तीही शाळेच्या सहलीला करते. पाणी नाही प्यायलं की लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात तर ऊन लागायला वेळ लागत नाही. हे सगळं ठाऊक असून गाडीत आधी काय बसवलं, तर भजी तळायचा ओटा!

मी यांना म्हटलं, "ओटा काढायचा आणि त्या जागी संडास करायचा." दोन दिवस अबोला. यांचंही चुकलं नव्हतं म्हणा. त्या ओट्यावर अठरा हजार खर्च झाले होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवत होते. "झोपायच्या खोलीत संडास?" हा त्यांचा एक मुद्दा. मी म्हटलं, मुंबईची मंडळी एका खोलीत काय काय करतात! तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी नुसतं एवढंच विचारलं, "माह्यावरून भांडता का?" आणि त्याच संध्याकाळी हे पान्हे घेऊन गाडीत शिरले.

आता सोय कशी केली ते सविस्तर सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. तीन फूट लांब, तीन फूट रुंद कोपरा प्लायवूडने बंद केला, आतून सनमायका, सरकतं दार. त्यात उचलून नेता येईल असं दोन भागांचं कमोड. वरच्या भागात धुण्याचं पाणी, खालच्या भागात वीसेक लिटरची बंद टाकी, मध्ये सरकती झडप. टाकीत वास मारणारं औषधी पाणी घालायचं. घरी आल्यावर टाकी घरच्या संडासात रिकामी करायची. नाल्यात, तलावात किंवा शेताच्या बांधावर कधीही नाही! खर्च कमी हवा असेल तर सुताराकडून बसायची पेटी करून घ्या, आत घट्ट झाकणाची बादली, आणि शेजारी डबाभर धानाचं तूस. आपल्या गोंदियात राइस मिलला काय तोटा! दर वेळी वरून ओंजळभर तूस टाकलं की वास येत नाही, माश्या बसत नाहीत. मात्र लघवीचं भांडं वेगळं ठेवा, कारण ओलं झालेलं तूस घाण मारतं. बैठकीची उंची अठरा इंच ठेवा, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठता येतं. दोन्ही बाजूंना धरायला दांडी, खाली न घसरणारी रबरी चटई, वर हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा, आणि रात्रभर जळणारा मिणमिणता दिवा. दिवा विसरू नका. अंधारात चाचपडायच्या भीतीनेच म्हातारी माणसं उठत नाहीत.

तीच अठरा इंचांची उंची पलंगालाही. आमच्या सुताराने सामान मावावं म्हणून तीस इंच केली होती, ती कापायला लावली. चढायची पायरी तर सगळ्याच गाड्यांची उंच. आम्ही लोखंडाची घडीची पायरी करून घेतली, प्रत्येक टप्पा सात इंचांचा, आणि दाराला आतून धरायला नळी. निघताना पायरी आत घेतली की नाही, हे बघायचं काम लेकाकडे आहे.

धक्क्यांचं म्हणाल तर त्यात सासूबाईच आमच्या गुरू. त्यांचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं. लहानपणी त्या दमणीतून प्रतापगडच्या यात्रेला जात. दमणी म्हणजे वर आच्छादन असलेली बैलगाडी. तिला ना स्प्रिंग ना शॉकअब्सॉर्बर. पण खाली हातभर तणस, त्यावर गोधडी, आणि बायका-मुलांना बसवायचं ते चाकाच्या आसाच्या पुढे, मागे नाही. मी हे यांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे. एसटीची शेवटची सीट आठव." खरंच, मागच्या चाकांच्या मागे बसणारा सगळ्यात जास्त उडतो. म्हणून सासूबाईंचं आसन आम्ही पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये घेतलं, पाठ मागे कलणारं, पायाखाली जाड गादीचा पाट. गाडी चालू असताना पट्टा बांधून बसायचंच. पलंगावर आडवं व्हायचं ते गाडी उभी राहिल्यावर. पाण्याचे कॅनही मागे टांगून ठेवू नका. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन. ते खाली, मध्यावर, पट्ट्याने आवळून ठेवलं की गाडी डुलत नाही.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी. पत्र्याचं छप्पर नि पंचेचाळीस अंशांच्या आसपासचं ऊन, म्हणजे आत पापड भाजावेत! आम्ही छपराला बाहेरून पांढरा रंग दिला, आतून बंद छिद्रांच्या फोमची शीट लावली, वर पातळ प्लाय. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो पेट घेतो, लावू नका. सगळ्या खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी आणि छपरात गरम हवा बाहेर काढणारा पंखा. या दोन गोष्टींनी जो फरक पडला तो सांगून खरा वाटणार नाही. कूलरचा मोह मलाही झाला होता, पण बंद गाडीत कूलर म्हणजे नुसता ओलावा. सगळ्या अंगाला चिकचिक!

यांना एसी हवा होता, म्हणून मी वहीवर हिशोब मांडला. (मराठी शिकवणाऱ्या बाईंनाही गुणाकार येतो.) बारा व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर. साध्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाही तर ती लवकर मरते, राहिले ६००. पंचवीस वॅटचे दोन पंखे आठ तास चालले की ४००, दिवे आणि मोबाइल धरून साडेचारशे. रात्र निभावते. एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात सगळं ठप्प. आणि इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं असं कुणी सुचवलं, तर साफ नाही म्हणा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला वासही नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. हिवाळ्यात ऊब यावी म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवणं, तेही तितकंच जीवघेणं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडते म्हणून मुद्दाम सांगते. जादा गोधडी न्या.

मग स्वयंपाकाचं काय केलं? पूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य नि मीठ लादून देशभर फिरत. त्यांची चूल मोकळ्यावर असे. आम्हीही तेच केलं. पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एक शेगडी, पण ती फक्त बाहेर, घडीच्या टेबलावर, आणि चहा-खिचडीपुरतीच. घरचा मोठा सिलिंडर गाडीत नेऊ नका. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचून राहतो. बाकी दशम्या, चटणी, चिवडा घरून, आणि एक वेळचं जेवण वाटेत जे मिळेल ते. चहा करायची पाळी यांची, भांडी मुलांची. भाताशिवाय चालत नाही असं म्हणणारी माणसं चिवड्यावर दोन दिवस छान राहतात, हा माझा अनुभव आहे.

महाशिवरात्रीला आम्ही प्रतापगडला गेलो. गोरेगाव, कोहमारा, नवेगाव बांधवरून, मजल दरमजल. वाटेत सासूबाईंनी तीनदा पाणी मागून घेतलं. मी मोजत होते. यात्रेत ही गर्दी! महादेवाला जाणारे लोक, तिथल्या दर्ग्याला जाणारे लोक, पोंगे, रेवड्या, धूळ. डोंगर चढणं त्यांना शक्य नव्हतं. पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या आणि वरच्या दिशेने हात जोडले. माहेरच्या गावच्या दोन बायका भेटल्या. त्यांनाही आत नेऊन सासूबाईंनी आधी काय दाखवलं असेल? तो तीन फुटांचा कोपरा! त्यातल्या एकीने तो वापरलाही. मग अंधार पडेपर्यंत आमच्या दारात बायकांची रीघ लागली, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, एक गरोदर मुलगी. संध्याकाळी सातलाच टाकी भरली. बस स्थानकाजवळच्या सार्वजनिक शौचालयात ओतायची परवानगी मागायला यांना जावं लागलं. टाकी उचलून नेताना ते एक शब्द बोलले नाहीत.

रात्री मला जाग आली तेव्हा सरकतं दार हलकेच बंद झाल्याचा आवाज आला. कुणी कुणाला हाक मारली नाही. सकाळी विचारलं, "झोप लागली का?" तर म्हणाल्या, "गादी जराशी नरम आहे. तणस बरं होतं."

आता कचारगडला जायचं चाललं आहे. त्याआधी दुसरी टाकी घ्यायची की गादी बदलायची, यावर घरात एकमत झालेलं नाही. काढलेला ओटा मागच्या अंगणात मोरीजवळ बसवला आहे. त्यावर हे गाडीचे पान्हे धुतात.