‘एकजीव’ आणि समांगी : दैनंदिन मिश्रणांच्या वर्गीकरणाचा विचार

प्रस्तावना :
मिश्रणांचे समांगी व विषमांगी असे वर्गीकरण ही रसायनशास्त्रातील पायाभूत संकल्पना होय. ज्या मिश्रणात एकच प्रावस्था असते व ज्याचे संघटन सर्व भागांत सारखे असते ते समांगी. ज्यात दोन वा अधिक प्रावस्था असतात ते विषमांगी. मिठाचे पाणी पहिल्या, तर भेळ दुसऱ्या प्रकारात मोडते, याविषयी शंका उरत नाही. दुधाच्या बाबतीत मात्र गोंधळ होतो. जे ‘एकजीव’ दिसते ते समांगी, असे विद्यार्थी गृहीत धरतात. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचा परामर्श घेतला आहे.

विवेचन :
दुधातील दुग्धशर्करा पाण्यात पूर्णपणे विरघळलेली असते. केवळ तीच असती, तर दूध पारदर्शक दिसले असते. परंतु त्याच पाण्यात केसीन या प्रथिनाचे साधारणतः ५० ते ५०० नॅनोमीटर व्यासाचे कण विखुरलेले असतात. स्निग्ध पदार्थाचे गोलक तर काही मायक्रोमीटरपर्यंत मोठे असतात. हे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून दूध एकसंध भासते. पण तेच प्रकाशाचे विकिरण करतात, म्हणून ते पांढरे दिसते. अर्थात, दुधाची शुभ्रता हाच त्याच्या विषमांगीपणाचा पुरावा ठरतो.

दुग्धव्यवसायातील ‘होमोजिनाइज्ड’ ही संज्ञाही दिशाभूल करते. या प्रक्रियेत उच्च दाबाने स्निग्ध गोलक बारीक केले जातात, त्यामुळे मलई सहज वर येत नाही. तथापि स्निग्ध पदार्थ व पाणी या प्रावस्था वेगळ्याच राहतात.

थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये ‘कलिल’ ही संकल्पना मांडली. कलिले समांगी की विषमांगी, हा प्रश्न शास्त्रज्ञांसाठीही सोपा नव्हता. अतिसूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कलिलांचे विषमांगी स्वरूप दाखवून देणारे रिचर्ड झिग्मोंडी यांना त्या कार्यासाठी रसायनशास्त्राचे १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निष्कर्ष :
वर्गीकरणाचा निकष दृश्य रूप नसून कणांचा आकार व प्रावस्था हा आहे. गाळण कागदही येथे अपुरा पडतो, कारण कलिल कण त्यातून पार होतात. अंधाऱ्या खोलीत मिठाचे पाणी व दुधाचे काही थेंब घातलेले पाणी यांतून विजेरीचा झोत सोडल्यास दुसऱ्या पेल्यात प्रकाशाचा मार्ग स्पष्ट दिसतो. हाच टिंडल परिणाम होय. ‘दूध कोणते मिश्रण?’ या प्रश्नाचे एका शब्दातील उत्तर पाठ होऊ शकते, ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र समजूनच द्यावे लागते. अध्यापनात दुसऱ्या प्रश्नाला अग्रक्रम मिळणे आवश्यक आहे.