यंत्र चालून बिघडत नाही, पडून बिघडते

पावसाळा सरत आला, की कोकणातील आंबा-काजूच्या बागांतून ग्रास कटरची घरघर ऐकू येऊ लागते. गवत वेळेवर कापले गेले तर ठीक. नाहीतर ते उभ्या उभ्या वाळते आणि पुढे वणव्याला आयतेच खाद्य मिळते. अशा ऐन वेळी यंत्रच सुरू झाले नाही तर काय करायचे?

गेल्या आश्विनात अशाच एका बागेत माझे जाणे झाले. बागायतदार दोरी ओढून ओढून घामाघूम झाले होते. बोलावलेले दोन गडी गडग्यावर बसून होते. “साहेब, वर्षातून पंधरा दिवससुद्धा हे यंत्र चालत नाही. मग बिघडले कसे?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “चालत नाही, म्हणूनच बिघडले.” मागल्या कार्तिकात काम संपल्यावर त्यांनी अर्धी टाकी भरलेली असतानाच यंत्र पडवीत टांगून ठेवले होते. तालुक्याच्या मेस्त्रीने कार्बोरेटर उघडला, तेव्हा आत डिंकासारखा चिकटा निघाला. दुरुस्तीत चार दिवस गेले, पैसे गेले ते वेगळेच.

पेट्रोल नासते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यातच आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २०२२ मध्ये त्याचे प्रमाण १० टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पाणी फार झाले, की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलात मिसळलेल्या ऑईलमधूनच मिळते. वंगण नसलेला हा तळ इंजिनात गेला, तर पिस्टन जाम होण्याची भीती असते.

काम संपल्यावर अर्धा तास

हंगाम संपला, की टाकीतील पेट्रोल डब्यात काढून घ्यावे. मग इंजिन उघड्यावर सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढावा, आत चहाचा अर्धा चमचा टू-टी ऑईल सोडावे, दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढावी आणि प्लग पुन्हा बसवावा. एअर फिल्टर स्पंजचा असल्यास साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. कागदी फिल्टर मात्र धुऊ नये, झटकून साफ करावा. पात्यावरचे गवत खरवडून तेलाचा हात फिरवावा.

पॉवर वीडरचे किंवा पाण्याच्या पंपाचे इंजिन फोर-स्ट्रोक असेल, तर त्याचे ऑईल वेगळ्या जागी भरलेले असते. ते काळे पडले असल्यास ठेवण्यापूर्वीच बदलावे. जुने ऑईल विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये.

मिश्रणात अंदाज नको

टू-स्ट्रोक यंत्राच्या पुस्तिकेत ऑईलचे प्रमाण दिलेले असते. पंचविसास एक असेल, तर १ लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर ऑईल लागते. पन्नासास एक असेल, तर २० मिलिलिटर. हे मापानेच घालावे. ऑईल कमी पडले तर पिस्टन खरवडतो, जास्त झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. आठ-पंधरा दिवसांत संपेल एवढेच मिश्रण तयार करावे.

यंत्र सुरू होत नसेल, तर लगेच स्क्रू पिळत बसू नये. आधी बटण, पेट्रोल आणि चोक पाहावा. मग प्लग काढावा. प्लग ओला असेल, तर पेट्रोल जास्त झाले आहे. तो पुसून वाळवावा. दोरी पुष्कळदा ओढूनही प्लग कोरडाच असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. टाकीतील जाळी किंवा कार्बोरेटर तुंबला असे समजावे.

घरच्यांसाठी

पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानलेले मूल ते तोंडाला लावते. डबा वेगळा असावा, त्यावर नाव लिहावे आणि तो चुलीपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही असा ठेवावा. बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो. गवत कापताना डोळ्यांना चष्मा आणि पायांत बूट असावेत. पात्याने उडालेला खडा लांब जातो, म्हणून इतरांनी किमान १५ मीटर दूर राहावे. पात्यात गवत अडकल्यास इंजिन बंद करूनच ते काढावे.

दसऱ्याला आपण यंत्राला हार घालतो, हळदकुंकू वाहतो. कार्तिकात काम संपल्यावर त्याच यंत्राची टाकी रिकामी करायलाही विसरू नये. पुढच्या आश्विनात ते दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू झाले, की गडी बसून राहणार नाहीत आणि गवत वाळण्याआधी बाग साफ होईल.